सत्तावीस इंच

दुकानातला पोरगा म्हणाला, चप्पल काढा, भिंतीला टेका,
आणि हे धरा पायांच्या मध्ये, कणा वर करून.
हे म्हणजे कंपनीचा जाडजूड कॅटलॉग.
मी इकडंतिकडं पाहिलं.
शाहूपुरी तिसऱ्या गल्लीत संध्याकाळी सहाला
कोण ना कोण ओळखीचं निघतंच.
मग धरलं.
त्यानं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली, टेप सोडली,
आणि तोंडी परीक्षेत उत्तर द्यावं तसं म्हणाला,
सत्तावीस.

त्रेपन्न वर्षांत माझी मापं पुष्कळांनी घेतली.
ब्लाउजला छाती, लग्नाआधी उंची,
बाळंतपणात पोट, गेल्या दिवाळीत साखर.
जमिनीपासून किती वर बसले
तर मला नीट जाता येईल,
हे कुणी मोजलं नव्हतं.

"कशाला पाहिजे, काकू? व्यायामाला का फिरायला?"
मी म्हटलं, बघू.

मग त्यानं एकेक बाहेर काढली.
ही एकवीस गिअरची, पुढं शॉकअप,
जोतिबाचा चढ हसत चढतीया बघा.
आणि ही, ही एका हातानं उचलून बघा.
उचलली. खरंच फुलासारखी.
किंमत ऐकून दोन्ही हातांनी खाली ठेवली.

माझी पहिली सायकल माझी नव्हतीच.
आप्पांची, चोवीस इंची, काळी,
पहाटे दोन कॅन अडकवून वडणग्याहून गंगावेशीत जायची,
दुपारी मोकळी व्हायची.
तेव्हा दांडीखालून पाय घालून, कैची मारत,
मी तिला शाळेपर्यंत तिरकी नेलेली.
परकराला ग्रीस लागलं
की आई काही न बोलता रॉकेलचा बोळा द्यायची.
पुढं कॉलेजलाही तीच. शिवाजी पूल, वारा, वेणी तोंडात.
लग्न ठरलं आणि सायकल धाकट्याकडं गेली.
याद्या झाल्या, मानपान झाला,
ती कुठल्याच कागदावर नव्हती.

त्यानंतर मी मागं बसले.
एका बाजूला पाय सोडून, पदर मुठीत, तीस वर्षं.
तसं बसलं की रंकाळा जाताना दिसतो,
येताना पाठीशी पडतो.

"चक्कर मारा की," पोरगा म्हणाला,
आणि मागून धरायला धावला.
धरायला काही नव्हतं.
नव्या सायकलींना कॅरिअर नसतो.
तोवर मी कोपऱ्यावर पोचले होते,
एका रिक्षावाल्याची शिवी खाऊन,
एक बोळ चुकून जास्तीचा फिरून.

घेतली ती कोपऱ्यातली. गेल्या सालची, धूळ बसलेली,
राखाडी, सात गिअर, मधली दांडी खाली वाकलेली.
"हिला कॅरिअर बसंल?"
"बसंल, पण लूक जाईल, काकू."
"जाऊ दे."

घंटी मात्र त्याच्याकडं नव्हती, मला हवी तशी.
ती मिळाली बिंदू चौकामागं, दस्तगीर नदाफांच्या टपरीत,
जुन्या चहाच्या डब्यात, वाल्व्ह आणि छऱ्यांखाली.
त्यांनी चाक फिरवलं, कान लावला.
"चाक सरळ हाय. तुमचं काय?"
डावा गुडघा जरा, मी म्हटलं.
"त्याचं तेल नाही आपल्याकडं," म्हणाले,
आणि घंटीचे वीस रुपये घेतले.

घरी यांनी विचारलेलं, पडलीस तर?
तेव्हा सुचलं नाही.
आता रंकाळ्याच्या कडेनं, दिवे लागताना,
सात गिअरांतला कितवा चालू आहे ते कळत नसताना,
सुचलं: पडेन.
गिअर खाडकन बदलला. मीच दाबला असेल काहीतरी.
कॅरिअरवर मेथीची जुडी, सुतळीनं बांधलेली.
जाताना पाणी डावीकडं होतं.
वळले, तर उजवीकडं आलं, पण आलं.
पर्समध्ये फोन वाजत होता.
दोन्ही हात कामात होते.