बोटभर फट

अकराशे वेढे मी मोजून घातले,
चार इंची पीव्हीसी पाइपावर,
वेढ्याला वेढा घासून, एकही वर न चढवता.
कुपवाडच्या शेडमध्ये बावीस वर्षं मोटारी भरतेय,
पण ही तार कशालाच फिरवणार नव्हती.
इर्शादला नुसती वीज बघायची होती,
उघड्यावर, जांभळी, हातभर.

पहिली चाचणी रात्री साडेअकराला.
शेजारच्या हळदीच्या गोडाउनचा वॉचमन
खुर्ची घेऊनच आला.
ठिणगी सुटली तेव्हा "आयला" म्हणाला,
मग बराच वेळ काहीच म्हणाला नाही.

तीन मिनिटांत वास आला.
वॉर्निशचा नव्हे, तो माझ्या नाकात घरचा आहे.
हा जुन्या ऑइलपेंटचा.
स्विच पाडला. प्लग काढला.
इर्शादनं कपॅसिटर रिकामा केला,
सगळे जोड चाचपले. सगळे थंड.

मी हाताची पालथी बाजू फिरवत खाली आले,
बेअरिंगला लावते तशी,
तापल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी.
खालची चौकट.
तासगावच्या द्राक्षमांडवातून उरलेला ॲंगल,
चारी कोपरे वेल्डिंगनं बंद,
कुठल्याच तारेला न शिवता
नुसतं ओझं घेऊन बसलेला.
चटका बसला.

"ह्याला कायबी जोडलंच नाही की, ताई."

जोडावं लागत नाही, म्हटलं.
शेजारी एवढं फिरत असलं
की बंद चौकटीत आपोआप फिरायला लागतं,
जायला वाट नसते, मग तापतं.

गेल्या वैशाखात भूपाल आणि सुकुमार,
माझे दोघं भाऊ,
ह्याच शेडची वाटणी मांडून बसले होते.
टेबलावर नकाशा, नकाशावर वकिलाची कोपरं.
मी चहा ठेवला आणि भिंतीशी उभी राहिले.
बोलणं माझ्याशी नव्हतं.
नकाशावर माझं नाव नव्हतं.
रात्री कान एवढे गरम
की उशी दोनदा उलटी केली.
नाव आलं ते पुढच्या कागदावर.
हक्कसोडपत्र. टाइप केलेलं, शुद्ध.
अजून ड्रॉवरमध्येच आहे, गेजच्या डब्याखाली.
सहीच्या जागी बोटभर कोरं.

इर्शाद म्हणाला, लाकडाची चौकट करू उद्या.
प्रदर्शन उद्याच होतं.
मी हॅक्सॉ घेतली,
ॲंगल एका बाजूला कापला, बोटभर काढून टाकला,
फटीवर बेकलाइटची पट्टी, नायलॉनचे बोल्ट.
एक ब्लेड मोडलं, दुसरं तापून निळं झालं.
वॉचमनला पटेना.
"चांगली जुळलेली चौकट, ती कशाला तोडता?"
मला उत्तर सुचलं नाही.
त्याला टॉर्च धरायला सांगितलं.

पुन्हा चालू. ह्या वेळी पाच मिनिटं.
ठिणगी सव्वा हात गेली,
छताच्या पत्र्याला बघून परत आली.
चौकट खात होती ते वर पोचलं असावं.
बंद केलं, रिकामं केलं, हात फिरवला.

ॲंगल थंड.
डाव्या कोपऱ्यातला एक लोखंडी बोल्ट तेवढा
अजून कोमट.
त्याचं सकाळी बघू असं ठरलं,
आणि वॉचमननं खुर्ची उचलली.