शंभर-नव्वद-अठरा

तुर्भ्याला, उड्डाणपुलाच्या सावलीत
कुंजुमोनचं दुकान.
दुपारी सावली सरकते
तसा तो स्टूल सरकवतो.
तीस वर्षं झाली इथं. बोलतो ती नाक्यावरची मराठी,
पैसे मात्र मनात मल्याळममध्ये मोजतो,
ओठ हलतात तेव्हा कळतं.

गाडी करिझ्मा, दोन हजार सहाची.
मूळची पिवळी.
टाकीवरचा पोचा केळघरच्या घाटातला,
त्याबद्दल घरी अजून
खरं सांगितलेलं नाही.

मागच्या टायरची पाठ सपाट झालीय.
सरळ रस्त्यांनी घासून घासून
गोल होता तो चौकोनी केला.
कडेला चिरा, टाचेला पडतात तशा.
कुंजुमोन रुपयाचं नाणं खाचेत उभं करतो.
नाणं बुडत नाही.

तीन टायर मांडतो.
अठराशेचा, मऊ.
सव्वीसशेचा, टणक.
तिसऱ्याची किंमत सांगतच नाही,
नुसता हात फिरवून परत टांगतो,
माझ्या चपला त्यानं पाहिल्यात.

मग काठीनं जाळी झटकत
माळ्यावरून एक चौथा काढतो.
सव्वीसशेवालाच, पण तुमच्यासाठी बाराशे.
बगलेवर लंबगोलात चार आकडे:
अकरा, वीस.
मी गुडघा टेकून दोनदा वाचतो.
वीस सालचा अकरावा आठवडा.
म्हणजे हा साच्यातून निघाला
आणि पंधरवड्यात
देशातले सगळे रस्ते बंद झाले.
तेव्हापासून माळ्यावर.
एक दगड माहीत नाही याला, एक शेण माहीत नाही.
खाचा जशाच्या तशा.
नख रुतत नाही मात्र.

‘कोरा दिसतो,’ कुंजुमोन म्हणतो,
‘पण रबर किलोमीटर मोजत नाही साहेब, वर्षं मोजतं.
पडून पडून पण म्हातारं होतं.’

मी विषय बदलतो.
मोबाइल काढून भागाकार मांडतो,
रुपये भागिले किलोमीटर.
मऊ पंधरा हजार चालणार, टणक तीस.
म्हणजे महाग तोच स्वस्त.
पैकीच्या पैकी मार्क मिळावेत असं उत्तर.

‘वर्षाला किती चालवता?’

गेल्या वर्षी नऊशे चाळीस.
त्यातले दीडशे पीयूसी, पेट्रोल आणि
उगाच बेलापूरपर्यंत जाऊन आलो ते.
तीस हजार भागिले नऊशे चाळीस:
बत्तीस वर्षं.
मी छप्पन्नचा.
हा टायर मला पुरून उरेल.

मी हे मोठ्यानं म्हटलं असावं,
कारण पंक्चरवाला पोरगा फिस्सकन हसला.
कुंजुमोन नाही हसला.
त्यानं टणक टायर
पायानं हळूच मागं सारला.
‘मऊ घ्या,’ म्हणाला,
‘झिजेल. झिजायलाच पाहिजे.’

रिम उतरली. साखळीचं काळं तेल
त्याच्या कोपरापर्यंत.
आत ट्यूबवर तीन ठिगळं निघाली,
एक हुबळीचं, एक रत्नागिरीचं,
तिसरं कुठलं ते आठवेना.
ट्यूबचे साडेतीनशे वेगळे,
हे आधी कोणी सांगत नाही.

‘मागं कोण बसतं?’
हवा भरायची नळी हातात धरून त्यानं विचारलं.
हेमांगीचा मणका सरकला त्याला
आता चौथं वर्ष.
कोणी नाही, म्हटलं.
‘मग अठ्ठावीस पुरे.’
बत्तीस भर.
त्यानं एकदा मागच्या सीटकडे पाहिलं,
रेक्झिनवर धुळीचा सारखा थर,
आणि बत्तीस भरली.

जुना टायर नेणार का विचारलं,
नको म्हटलं.
तो फूटपाथच्या कडेला आडवा पडला,
आणि पैसे देईपर्यंत
एक तांबडी कुत्री त्यात वेटोळं करून झोपलीसुद्धा.
अकरा-वीस परत माळ्यावर गेला.

‘शंभर किलोमीटर जपून.
साच्याचं तेल असतं अंगावर. वळणावर झोपवू नका.’
उरणला जाऊन आलो तरी सत्तरच होतील.
उरलेल्या तीसाचं काय करायचं,
हे ठरवत सुटलो.

नव्या टायरच्या अंगभर रबराचे केस होते,
जावळासारखे.
डांबरावर त्यांचा बारीक आवाज येत होता.
सानपाड्याच्या सिग्नलपर्यंत आला.
पुढे नाही आला.