थोडक्यात वाचलं

नैवाशा सरोवराच्या काठी, गुलाबांच्या शेडमध्ये
मला पद मिळालं : सुरक्षा अधिकारी.
पदाबरोबर एक शिट्टी, कुलूप नसलेलं कपाट
आणि नैरोबीहून आलेली जाड फाइल.
आत धोक्यांचे तक्ते, लाल, पिवळे, हिरवे,
जणू धोका रंग विचारून येतो.

मी तक्ते भरत गेले.
धोका : काटा. शक्यता : रोज. परिणाम : किरकोळ.
चेपकेमोईनं दोन्ही तळहात टेबलावर ठेवले,
म्हणाली, यातलं किरकोळ कुठलं, दाखव.

मग धोरण भिंतीवर लागलं,
खाली व्यवस्थापकांची लफ्फेदार सही.
तिसऱ्या दिवशी त्यावर कुणीतरी
जेवणाच्या पाळ्यांचा कागद डकवला.
मी तो काढला नाही.
जेवण हेही आरोग्यच.

बाजारातून एक शाळकरी वही आणली,
मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली.
वर नाव घातलं : थोडक्यात वाचलं.
अपघाताची वही निराळी, तिला शिक्का लागतो.
ही त्या गोष्टींची, ज्या झाल्या नाहीत,
पण अंगावरचा काटा अजून गेलेला नाही.

सात आठवड्यांत एकच नोंद :
'उगालीत खडा. दात थोडक्यात वाचला.'
बाकी पानं कोरी.
वरचे साहेब खूश. शून्य, म्हणाले, शून्य!
शून्याला हार घालायचाच बाकी होता.

पण फवारणीनंतर शेडच्या दाराशी
लाल झेंडा लागतो, तो मी पाहत होते.
फेब्रुवारी जवळ येईल तसा
तो रोज थोडा लवकर उतरत होता.
दूर कुठे तरी चौदा तारखेला
कुणाला तरी कुणाला तरी फुलं द्यायची होती.

एका संध्याकाळी शीतगृहाचा मुतिंदा आला.
बराच वेळ टोपी फिरवत उभा.
नाव लिहावं लागतं?
नाही.
पगार कापतात?
नाही.
पेन असं दाबून लिहिलं त्यानं
की अक्षरं खालच्या तीन पानांवर उमटली :

'दार आतून उघडत नाही.
नेकेसा आत राहिली. अकरा मिनिटं.
बादली आपटत होती.
मला वाटलं, पंखा.'

आणि ओळ सोडून,
'दार मीच लावलं होतं.'

तारीख गेल्या वर्षीची.

चौथ्या दिवशी दाराला आतून मूठ बसली,
अंधारातही दिसेल अशी हिरवी.
नेकेसा आत शिरते तेव्हा
आधी मुठीवर हात ठेवते, मग बादल्या उचलते.
घरातून निघताना किल्ली चाचपावी तसं.
मुतिंदाशी ती अजून बोलत नाही.

एप्रिलमध्ये साहेबांनी विचारलं,
मॅडम, शून्याचे एकतीस कसे झाले?
तुम्ही यायच्या आधी बरं होतं.
मी वही पुढे केली.
त्यांनी ती उघडली नाही, वजन केल्यासारखी हातात धरली.

आता पानं संपलीत.
नवी वही यायची आहे, मागणीपत्र सहीसाठी पडून आहे,
तोवर लोक पुठ्ठ्यावर लिहितात, पाढ्यांच्या फटींत.
सात आठे छप्पन्नच्या शेजारी कालची नोंद,
अक्षर चेपकेमोईचं :
'शेड नऊ. झेंडा नव्हता.
वास आला.
आत गेले नाही.'