हातपाय गाळले तर कळव

अल्विन झर्नरने इस्पितळात जाताना फ्रिजवर कागद लावला,
अक्षर असं, की मुंग्यांनी शाईत पाय बुडवून पळावं:
दिवसा झोपला असेल तर झोपू दे.
पाय पोटाशी, मुठी हनुवटीखाली,
काचेला चिकटलेली हिरवी साबणवडी दिसली
म्हणजे समज, उत्तम आहे.
हात लावायचाच तर आधी ओला कर,
ओलाच, साबण नको, त्याची कातडीच त्याचं अर्धं नाक.
हातपाय गाळले तर कळव.

टूवुम्बाचा जुलै, डोंगरावरची कोरडी थंडी.
मी पंधरा वर्षांची, संध्याकाळी पाच डॉलर.
सार्जंट सतराचा.
वयाने मोठ्या बेडकाची तब्येत
मी काय बघणार होते?

तिसऱ्या दिवशी तो तपकिरी दिसला.
कपात विसरलेल्या चहासारखा,
पाण्याच्या थाळीत बसलेला, डोळे अर्धे.
फोनवर अल्विनचा पहिला प्रश्न: रंग?
हिरवा, मी म्हणाले.
आणि बोलता बोलता बघितलं, त्याच्या दिव्याचा प्लग
जमिनीवर पडलाय,
त्या जागी माझा चार्जर.

दिवा लावून मी फरशीवर बसून राहिले,
आईचे दोन फोन उचलले नाहीत.
नऊच्या सुमारास काखेतून हिरवं निघालं,
मग पाठ, मग पापण्या.
थंडीनेही तपकिरी होतो, दुखण्यानेही होतो,
कागदावर दोन्ही होतं. माझ्यामुळेही होतो, ते नव्हतं.

त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून बघू लागले.
मांड्यांच्या आतली बाजू: पांढरट, लाल नाही.
डोळे: काळी आडवी फट, धुकं नाही.
केक करायच्या काट्यावर: एक्क्याऐंशी ग्रॅम.
तळहातावर उताणा ठेवला,
तर मी एक म्हणायच्या आत पालथा,
आणि माझ्याकडे असं बघितलं
की मी खरंच माफी मागितली.

गुरुवारी मात्र संपलं सगळं असं वाटलं.
पाठीला बाक, जबडा उघडतोय, मिटतोय,
डोळे आत बुडतायत, वर येतायत,
हातांनी स्वतःचंच तोंड ओरबाडतोय.
मी फोन लावला, नर्सने दिला, मी रडत सगळं सांगितलं.
पलीकडे आधी खोकला, मग हसू, मग परत खोकला.
अगं, कात टाकतोय तो.
नुसती टाकत नाही, खातोही.
आमच्या घरात काही वाया जात नाही.
मी परत बघितलं:
ओठाच्या कोपऱ्यात पातळ, ओलं काहीतरी, दुधावरच्या सायीइतकं,
ते तो सदऱ्यासारखं डोक्यावरून ओढत होता.
मग एक मोठा घोट.
मग नवा, चकचकीत, नाराज सार्जंट.

शनिवारी मी बस धरून इस्पितळात गेले.
अल्विन उताणा होता.
कुशीवर वळायला त्याला दोन माणसं लागली,
एक म्हणून झालं, दोन, अकरापर्यंत मी मोजलं
आणि मोजणं थांबवलं.
त्याने विचारलं: रंग?
हिरवा, मी म्हणाले, या वेळी खरं.
रातकिडे किती खाल्ले?
सहा.
सहा, तो छताला म्हणाला. सहा.

बेसिनवर पाटी होती, साबणाने वीस सेकंद.
मी नळाखाली हात नुसते ओले केले
आणि तसेच घेऊन आले.
नर्स काहीतरी बोलली, तिचं बरोबरच होतं.
पण तोवर त्याची बोटं माझ्या बोटांवर बसली होती,
एकेक करून, सावकाश,
काच पारखावी तशी.

प्लगचं मी अजून सांगितलेलं नाही.