दोर

पुंता आरेनासमध्ये वसंतात वारा असा सुटतो
की नगरपालिकेची माणसं चौकाचौकात दोर बांधून जातात,
खांबापासून खांबापर्यंत, कमरेच्या उंचीला.
बाहेरगावचे हसतात, फोटो काढतात.
आम्ही धरून चालतो.

हे आधीच सांगून ठेवते, कारण
पुढे जे येणार ते या दोराचं आहे
आणि एका कपाचं.

खेकड्यांच्या कारखान्यातलं काम सुटलं,
त्याच हिवाळ्यात ओस्वाल्दो गेला.
चाळीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस,
गेला तो स्वयंपाकघरात, मोजे चढवताना.
एक पाय उघडाच राहिला.
मी अंथरूण धरलं.
ताप नव्हता, कुठं दुखत नव्हतं.
फक्त पडदा सारायला जो हात लागतो
तो हात माझ्यापाशी नव्हता.

दवाखान्यातल्या येलेनानं कागद दिला.
उठा. उजेडात बसा. थोडं चाला.
गरम खा. कुणाशी तरी बोला.
ठरल्या वेळी झोपा.
मी म्हटलं, पोरी, एवढं जमत असतं
तर तुझ्या दारात कशाला आले असते?
ती ओशाळली. कागद उलटा केला
आणि पाठीमागं लिहिलं:
रात्री एक कप. धुऊन पालथा घालायचा.
बाकीचं राहू द्या.

पहिल्या रात्री नाही धुतला.
दुसऱ्या रात्री धुतला, तिच्यावर चिडून.
तिसऱ्या रात्रीचं आठवत नाही.
पण कधीतरी एका सकाळी
ओट्यावर पालथा कप दिसला
आणि वाटलं, काल रात्री इथं कुणीतरी होतं
ज्याला ठाऊक होतं
की मी उद्या उठणार आहे.

कप होता म्हणून किटली ठेवली.
किटलीला वेळ लागतो, म्हणून खिडकीशी उभी राहिले.
सामुद्रधुनी पत्र्यासारखी करडी.
एक कुत्रा वाऱ्याला पाठ करून मुतत होता,
बिचाऱ्याचा अंदाज चुकला.
कितीतरी दिवसांनी मी काहीतरी पूर्ण पाहिलं.

ऑक्टोबरात यीस्ट संपलं. बाहेर पडावं लागलं.
कोपऱ्यावर वारा अंगावर धावून आला, मी दोर धरला,
तर समोरून त्याच दोरावर फ्रोइलान कार्कामो,
मेंढ्या कातरून कातरून कमानीसारखा वाकलेला.
दोर एक, माणसं दोन.
कुणीतरी सोडायला हवा होता.
"तुम्ही सोडा," तो ओरडला, "तुम्ही जड आहात!"
मला हसू फुटलं. वाऱ्यानं ते तोंडातूनच उचललं
आणि नेलं पार समोरच्या बेटावर.
मग त्यानं माझी बाही धरली, मी त्याची,
आणि एकमेकांभोवती फिरून आम्ही पलीकडे झालो,
लग्नात नाचता न येणारी माणसं नाचतात तसे.

आता मंगळवारी तो येतो. कधी शुक्रवारीही.
तो गुडघ्यांबद्दल बोलतो.
येलेना म्हणाली होती, कुणाशी तरी बोला.
मला वाटलेलं, बोलायचं म्हणजे दुःख उकरायचं.
तसं काही नाही.
गुडघेही चालतात.

सान्तियागोहून लेक फोनवर विचारते,
आई, बरी झालीस ना?
मी सांगते, इथं वारा फार आहे.
दोरानं वारा कमी होत नाही,
हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.
जूनमध्ये दहाला उजाडतं, साडेपाचला मावळतं,
आणि काही दिवस मी तेवढाही उजेड घेत नाही.
पडून राहते. यीस्ट असून भाकर होत नाही.
पण रात्री, उशिरा का होईना, नळ सोडते.

परवा तो कप फुटला.
ओल्या हातातून सटकला, निमित्त काही नाही.
तुकडे गोळा करताना धडकी भरली, खोटं कशाला बोलू.
दुसऱ्या दिवशी दोर धरत धरत बाजारात गेले,
नवा आणला. हिरवा. कान जरा मोठाच आहे,
बोटात नीट बसत नाही.

बसेल.