मधली फरशी

कूलरसमोर सात फरश्या.
आम्ही दोघं.
सातला दोनाने भाग जात नाही
हे मला चौथीत शिकवलं,
दुर्वेशला दुसरीतच माहीत होतं.

भुसावळचा मे.
रात्री अकरालाही भिंत
हात लावू देत नाही.
पप्पा लोको शेडला, नाइट.
आई खडूने रेघा ओढायची:
तीन तुझ्या, तीन त्याच्या,
मधली कोणाचीच नाही.
आणि वाळ्यातून गाळून आलेली
सगळ्यात गार झुळूक
नेमकी तिच्यावरच उतरायची.

मग कायदा झाला.
जो कूलर भरेल, मधली त्याची.

नळ चार दिवसांआड.
बादली त्याला उचलत नसे,
म्हणून पहाटे उठून
ड्रममधून तांब्या तांब्या नेऊन
हा टाकी भरून मोकळा.
मी डोळे चोळत येईपर्यंत
ओल्या बनियनवर उभा,
"बघ, काठोकाठ."
पाढ्यांत मी त्याला कधीही हरवलं असतं.
पाढे कोणी विचारत नव्हतं.

त्या शनिवारी
मी पंपाची वायर काढून ठेवली.
पंखा फिरत राहिला, पाणी चढलं नाही,
वाळा कोरडा खडखडीत.
मधल्या फरशीवर रात्रभर
नुसती भट्टी.
यार्डात मालगाडीचे डबे आदळत होते,
मी जागीच.
तो हलला नाही.
जिंकलेली जागा कोणी सोडतं का?

सकाळी त्याच्या पाठभर घामोळं,
मोहरी पेरल्यासारखं.
आईने वायर बघितली.
मग मला बघितलं.
"काय करू राह्यले रे तुम्ही दोघं,"
एवढंच,
आणि मुलतानी माती कालवून
वाटी माझ्या हातात दिली.

तो पालथा,
हनुवटी मधल्या फरशीवर.
मी बोट बुडवलं
आणि मानेपासून कमरेपर्यंत
मणक्या-मणक्यावरून
एक सरळ रेघ ओढली.
तो शहारला.
"हे काय?"
"ही बाजू तुझी. ही माझी."

थोडा वेळ त्याने गणित केलं.
मग म्हणे,
"तुझ्याकडचं लई खाजवू राह्यलं.
खाजव."

माझ्याकडचं मी खाजवलं,
नखं न लावता.
त्याच्याकडच्याचे
चार कंचे घेतले.