ळ कुठे आहे

कॉम्प्युटर आला त्या दिवशी नारळ फोडला.
देणगीदाराच्या नावाची पाटी पडद्याहून मोठी.
मॅनेजर तुषारनं खोबरं वाटलं
आणि पाचाच्या ठोक्याला खोलीला कुलूप.

वेळ : दुपारी चार ते पाच.
फळ्यावर असं लिहिलंय, जणू नळाला पाणी येणार आहे.

मी सेहेचाळीस सालची.
नाशिकच्या जिल्हा कोर्टात चौतीस वर्षं टायपिस्ट.
मराठी मिनिटाला चाळीस शब्द,
कार्बनच्या तीन प्रती, खाडाखोड नाही.
बांधाची भांडणं, घटस्फोट, मृत्युपत्रं
सगळी या बोटांतून गेली;
त्यात एक शब्द माझा नव्हता.

आता बोटं जातात तिथं
अक्षरं राहत नाहीत.
सगळ्यांनी घरं बदललीत, पत्ता न सांगता.
म च्या दारावर टकटक करावी
तर भलताच कुणी बाहेर येतो.

मुलगी हॅलिफॅक्सला.
फोनवर जमत नाही, कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं,
मी म्हणते "बरं, बरं," ती म्हणते "अगं, काय बरं?"
लिहिलं की मात्र कळतं एकमेकींचं.
पण आमचे चार म्हणजे तिची डबे भरायची घाई,
आणि ती मोकळी होते तेव्हा
मखमलाबाद रोडवरची कुत्रीसुद्धा झोपलेली.
आम्हीच तेवढे जागे.

म्हणून अर्ज केला. सवयीनं, डावीकडे समास सोडून :

    अर्जदार वय वर्षे एकोणऐंशी, धंदा काही नाही,
    राहणार याच इमारतीत, खोली नंबर अकरा.
    अर्जदारास रात्री झोप येत नाही
    ही बाब सामनेवाले यांस पूर्वीपासून ठाऊक आहे.
    अर्जदाराच्या मुलीचा दिवस अर्जदाराच्या रात्रीत पडतो,
    यात दोघींपैकी कोणाचाही कसूर नाही.
    सबब, किल्ली मिळावी.
    कोर्ट फी स्टँप जोडलेला नाही.

साक्षीदार म्हणून बोरस्त्यांनी सही केली.
ते नाशिकरोडला प्रेसमध्ये नोटा तपासायचे;
अजून कागद हातात आला
की आधी उजेडाकडे धरतात.

तुषार हसला. "आजी, वीजबिल कोण भरणार?
आणि रात्री कुणी पडलंबिडलं तर?"
पडणारा माणूस दुपारी चारलाही पडतो,
हे मी बोलले नाही.
पुढची तारीख मिळाली असं धरून चालले.

रात्रपाळीला हिरा गावित असते, पेठकडची पोर.
तिनं काही विचारलं नाही.
मंगळवारी कुलूप लावलं, ते लागलं नाही.
गुरुवारीही लागलं नाही.
"जुनं झालंय कुलूप," एवढंच म्हणाली
आणि पाय पोटाशी घेऊन दारातच आडवी झाली.

अडीच वाजता खोलीत आम्ही चौघं, शाली पांघरून.
रॉकेलच्या रांगेत उभं राहायचो तसे, बोलत नव्हतो.
बोरस्ते चष्मा वर करून पडद्याला नाक लावून बघत होते.
"वॉटरमार्क नाही," म्हणाले.

मी एकेक अक्षर शोधून लिहिलं : प्रिय बाल.

पाच मिनिटांत उत्तर.
आई, मी काय बालवाडीत आहे का?
ळ असतो गं त्यात. शिफ्ट दाबून धर, मग ल.

शिफ्ट डाव्या टोकाला.
माझी डावी करंगळी
चिकनगुनियापासून वाकत नाही.
इतकी वर्षं टाइप केलं
आणि अडले शेवटी एका बोटापाशी.

बोरस्ते पुढे झाले. एक बोट ठेवलं,
कोऱ्या नोटेचा कोपरा चाचपावा इतकं हलकं.
"दाबलंय," म्हणाले.
"सोडू नका," मी म्हणाले, आणि ल दाबला.

मागून कमळाबाई पिंगळे म्हणाल्या,
"आटपा लवकर.
माझ्या तर नावातच दोन आहेत."